सुट्टी आणि खाडा

शनिवारी सकाळी पोहोचायचं आणि रविवारी रात्री परतीचं विमान धरायचं, एवढ्यासाठी कुणी हाँगकाँगला जातं का, असं घरातल्या प्रत्येकानं मला एकदा विचारून झालं होतं. विचारणाऱ्यांचं चुकत नव्हतं. पण कॉलेजातली मैत्रीण नवऱ्याच्या नोकरीपायी तिकडे गेली त्याला अकरा वर्षं झाली, आणि या अकरा वर्षांत ‘ये गं एकदा’ आणि ‘येते गं नक्की’ या दोन वाक्यांपलीकडे आमची मजल गेली नव्हती. शेवटी तिची पन्नाशी आली. शनिवारी संध्याकाळी चार माणसं जेवायला बोलावणार होती. आता गेले नाही तर साठीची वाट पाहावी लागेल असं वाटलं आणि तिकीट काढलं. फोनवर तिनं एक सूचना तेवढी दिली. ‘शनिवारी तुझी बडदास्त ठेवते. रविवारी मात्र काही मागू नकोस. रविवारी आते घरी नसते.’

मला वाटलं, नवऱ्याची कुणी आत्या राहायला आली असेल. म्हातारं माणूस, रविवारी देवळात वगैरे जात असेल.

मुंबईहून रात्री निघालं की सहा तासांच्या आत माणूस तिथे पोहोचतं आणि घड्याळ अडीच तास पुढे करतं. त्या शहराचं वर्णन मी करत बसत नाही. प्रवासवर्णनांतून आणि आता घराघरांतल्या फोटोंतून ते सगळ्यांना पाठ झालेलं आहे. पंचाहत्तर लाख माणसं डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत कशी मावतात याचं कोडं पहिल्या तासात पडतं आणि दुसऱ्या तासात, आपण मुंबईचे असल्यामुळे, सुटतं. माँगकॉकच्या गर्दीत मला दादरच्या रानडे रोडवर असल्यासारखं घरगुती वाटलं. फरक एवढाच, की तिथे गर्दीला धक्का न लावता चालता येतं. डोंगरावर राहणाऱ्यांसाठी १९९३ साली बांधलेले ते आठशे मीटर लांबीचे सरकते जिने पाहिले, आणि आमच्या स्टेशनवरचा, बहुतेक वेळा बंद असलेला सरकता जिना आठवला. असो.

मैत्रिणीचं घर हुंगहोम भागात, एकोणिसाव्या मजल्यावर. सहाशे चौरस फुटांत नवराबायको, दोन मुलं आणि आते. दार उघडलं ते आतेनंच. चाळिशीची, ठेंगणी, हसतमुख बाई, फिलिपिन्समधल्या ल्युझॉन बेटावरची. तिच्या भाषेत ‘आते’ म्हणजे मोठी बहीण. धाकटा लहान असताना तिनंच त्याला हे म्हणायला शिकवलं, आणि मराठी घरात तो शब्द इतका बेमालूम मिसळून गेला की सासूबाईंनासुद्धा तो परका वाटला नाही. आते गावी शाळेत शिकवत होती. तिथल्या पगारात तिच्या तीन मुलांचं शिक्षण होईना, म्हणून ती इथे दुसऱ्यांची मुलं सांभाळायला आली.

संध्याकाळच्या जेवणात पुरणपोळ्या होत्या. माझ्या मैत्रिणीला पुरणपोळी कधीच नीट जमली नाही, हे मी होस्टेलपासून जाणते. या पोळ्या कडेपर्यंत पुरण गेलेल्या, तव्यावर न फुटलेल्या, मऊसूत होत्या. त्या आतेनं केल्या होत्या. पाहुणे अकरा वाजता गेले. ओट्यावर आणि सिंकमध्ये भांड्यांचा डोंगर झाला होता. मैत्रीण म्हणाली, ‘राहू दे आता, सकाळी बघू.’ आतेनं झाकापाक केली, ओटा पुसला आणि ती स्वयंपाकघरामागच्या आपल्या खोलीत गेली. खोली म्हणायची इतकंच. एक अरुंद पलंग, आणि पलंगावर हात लांब केला तर लागेल इतक्या उंचीवर माळा. त्या माळ्यावर मैत्रिणीच्या बॅगा.

रविवारी सकाळी साडेसातला मी चहाच्या आशेनं बाहेर आले तेव्हा आते निघायच्या तयारीत होती. केशरी रंगाचा ब्लाउज, ओठांना लाली, केस मोकळे, खांद्यावर मोठी पिशवी. मुलांच्या खोलीत डोकावून ती काहीतरी म्हणाली, मला ‘गुड मॉर्निंग, मॅम’ म्हणाली आणि दार ओढून घेऊन गेली. सिंककडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी ते बघत होते. ती सिंककडे बघते का, हे मी बघत होते. निदान बघून ‘सॉरी’ म्हणेल, किंवा जाता जाता दोन पातेली तरी विसळेल, अशी माझी कुठेतरी अपेक्षा होती. मी त्या घरची पाहुणी, तिला पगार देणारी नव्हे. तरी अपेक्षा होती!

मैत्रिणीनं माझ्या हातात एप्रन दिला. तिच्या नवऱ्यानं पोहे केले. आम्ही दोघींनी तासभर भांडी घासली आणि कॉलेजच्या दिवसांच्या गप्पा मारल्या. माझी बोटं सुरकुतली. एवढी भांडी मी शेवटची कधी घासली होती ते मला आठवेना. नंतर आठवलं: २०२० च्या टाळेबंदीत.

दुपारी आम्ही स्टार फेरीनं पलीकडे गेलो. (ही फेरी मुंबईहून गेलेल्या एका पारशानं, दोराबजी नवरोजींनी, १८८८ मध्ये कंपनी काढून चालवली होती. १८९८ मध्ये ती ‘स्टार फेरी’ झाली. दोराबजी आधी लोकांकडे स्वयंपाकी होते, असं सांगतात. हे मैत्रिणीनं मला बोटीतच सांगितलं आणि मी ते त्यावेळी नुसतंच ऐकून घेतलं.) पलीकडे सेंट्रल. बँका, वकिलांच्या कचेऱ्या, जगातली महागातली महाग दुकानं. धक्क्यावरून वर चढून पादचारी पुलावर आलो आणि मी थबकले. पुलाच्या दोन्ही कडांना, नजर पोहोचेल तिथपर्यंत, बायका बसल्या होत्या. खाली पुठ्ठे अंथरलेले, बाजूला पुठ्ठ्यांचेच गुडघाभर उंचीचे आडोसे. पुठ्ठ्याच्या बाहेर चपला नीट जोडीनं काढून ठेवलेल्या, जशा आपण उंबऱ्याबाहेर ठेवतो. आत कुणी पत्ते खेळतंय, कुणी कुणाच्या नखांना रंग लावतंय, कुणी फोनवर आपल्या मुलाचा अभ्यास घेतंय, कुणी चक्क गाढ झोपलंय. गावी पाठवायची मोठमोठी खोकी चिकटपट्ट्या लावून बंद केली जात होती. पुढे स्टॅच्यू स्क्वेअर भरलेला. चेटर रोड हा रस्ता १९८२ पासून दर रविवारी वाहनांना बंद असतो, तोही भरलेला. नॉर्मन फॉस्टरनं १९८० च्या दशकात बांधलेल्या एचएसबीसी बँकेच्या इमारतीचा तळमजला सार्वजनिक वाटेसाठी मोकळा सोडलेला आहे. सोमवार ते शनिवार ज्या जागेवरून सूटबूटवाले लगबगीनं जातात, तिथे शेकडो बायका मांडी घालून जेवत होत्या. बँकेचे दोन ब्राँझचे सिंह बाहेर आपले निमूट बसलेले.

हाँगकाँगात साडेतीन लाखांच्या वर परदेशी घरकामगार आहेत, बहुतेक फिलिपिन्स आणि इंडोनेशियातल्या बायका. (इंडोनेशियातल्या बायकांचा अड्डा कॉजवे बेच्या व्हिक्टोरिया पार्कात.) तिथल्या रोजगार कायद्यानं त्यांना सात दिवसांत एक पूर्ण दिवस, सलग चोवीस तास, विश्रांती द्यावीच लागते. मालकानं त्या दिवशी जबरदस्तीनं काम करून घेतलं तर तो गुन्हा आहे आणि त्याला पन्नास हजार हाँगकाँग डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. मैत्रीण म्हणाली, ‘सुरुवातीला मलाही जड गेलं. आजारी असले तरी रविवार म्हणजे रविवार. मग सवय झाली.’

बँकेच्या पलीकडे एका कोपऱ्यात दहाबारा जणी गाणं लावून नाचाचा सराव करत होत्या. मधल्या रांगेत केशरी ब्लाउज दिसला. मी उत्साहानं हात वर केला, तर मैत्रिणीनं तो खाली ओढला. ‘अगं, असं नको करूस. आज ती आपल्याकडची नाही. ओळख दाखवायची की नाही ते तिनं ठरवायचं.’

तिनं दाखवली. घामाघूम होऊन हसत आली, आम्हाला त्यांच्या पुठ्ठ्यावर बसवलं. मी चपला बाहेर काढल्या. कागदी ताटलीत पान्सित नावाच्या, भाज्या घातलेल्या शेवया दिल्या. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विचारलं, रविवारी आणखी काय काय करता? ती म्हणाली, ‘काही नाही, मॅम. रविवारी मी काहीच करत नाही.’ तिच्या मैत्रिणी हसल्या. मग तिनं मला विचारलं, ‘तुमच्याकडे काम करणारीची सुट्टी कोणत्या वारी असते?’

मी म्हटलं, ‘आमच्याकडे बाई राहत नाही. दीड तास काम करते आणि घरी जाते.’

‘हो, पण वार कोणता?’

मी पान्सितची चौकशी केली.

परतताना विमानात झोप आली नाही. एक शब्द डोक्यात घोळत राहिला. आपल्याकडे ऑफिसात जाणाऱ्याची ‘सुट्टी’ असते, ‘रजा’ असते. मुलांना ‘सुट्टी’ लागते. बाई आली नाही तर मात्र ‘खाडा’ होतो. सुट्टी मिळते, रजा घेतली जाते, खाडा पडतो, तोही आपल्याला. दुधाचा खाडा, बाईचा खाडा. माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दूध न आलेल्या दिवसांना आणि मावशी न आलेल्या दिवसांना मी एकाच लाल पेननं फुली मारते, आणि महिनाअखेरीस दोन्हींचे पैसे वजा करून हिशेब करते. मावशी माझ्याकडे चौदा वर्षं येतात. त्यांना महिन्यात दोन खाडे ‘माफ’ आहेत. मी स्वतःला उदार समजत होते.

यावर आपली नेहमीची उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं, दीड तासाच्या कामाला कसली साप्ताहिक सुट्टी? पण मावशी माझ्याकडून निघून घरी जात नाहीत, चौथ्या मजल्यावर जातात, तिथून शेजारच्या विंगमध्ये. पाच घरं मिळून त्यांचा दिवस आठ तासांचा होतो. दीड तास हा माझा हिशेब झाला, त्यांचा नव्हे. दुसरं उत्तर अधिक प्रेमळ: ‘ती आमच्या घरच्यासारखीच आहे हो.’ घरच्यांना रविवार असतो. किंबहुना घरच्या सगळ्यांना रविवार असतो म्हणूनच मावशींचं रविवारचं काम जास्त असतं. उशिरा उठणारी माणसं, दोन भाज्या, संध्याकाळी कुणीतरी येणार. तिसरं उत्तर असं, की त्या न सांगता दांड्या मारतातच, वेगळी सुट्टी कशाला? पण जिला ठरलेली सुट्टी नाही ती दुसरं काय करणार? ‘उद्या येणार नाही’ म्हटलं की आपला चेहरा कसा होतो, ते आपण आरशात पाहिलेलं नसतं. तिनं पाहिलेलं असतं.

गंमत अशी, की आठवड्याच्या सुट्टीचा हक्क आपल्याला हाँगकाँगकडून शिकायची गरज नाही. तो इथे, मुंबईत, कामगारांनीच भांडून मिळवला. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधक कार्यकर्त्यानं १८८४ मध्ये साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. त्यातली एक मागणी रविवारच्या सुट्टीची होती. रविवार हा खंडोबाचा वार, हाही त्यांचा एक मुद्दा होता. सहा वर्षं लागली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, आणि पुढच्या वर्षीच्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. त्या आंदोलनातल्या सभेत गिरणीत काम करणाऱ्या बायकांनीही भाषणं केली होती. आज रविवारची पुरवणी उघडून निवांत चहा पिणारे तुम्ही-आम्ही त्या सह्यांचे देणेकरी आहोत. चहाचा कप घासणारी मात्र त्या हिशेबात एकशे तीसहून अधिक वर्षांत आलेली नाही.

तिनंही मागितलं नाही असं नाही. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पगारी रजा ही त्यांची मागणी होती. २००८ साली महाराष्ट्रानं घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात नोंदणी आहे, अर्थसाहाय्य आहे, आठवड्याची सुट्टी नाही. दुकानातल्या नोकराला ती कायद्यानं आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०११ मध्ये घरकामगारांसाठी जो करार केला त्यात आठवड्याला सलग चोवीस तासांच्या विश्रांतीचं कलम आहे. फिलिपिन्सनं तो २०१२ मध्येच मान्य केला, आपण अजून केलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असं केंद्राला सांगितलं. कायदा होईल तेव्हा होईल.

हाँगकाँगची आरती ओवाळायचा माझा हेतू नाही. त्या पुठ्ठ्यांवर त्या बायका हौसेनं बसत नाहीत. २००३ पासून त्यांना मालकाच्याच घरात राहण्याची सक्ती आहे, म्हणजे सुट्टी आहे पण सुट्टी घालवायला घर नाही. नोकरी सुटली तर दोन आठवड्यांत देश सोडावा लागतो, त्यामुळे वाईट मालकही सहसा सोडवत नाही. वीस वर्षं राबलं तरी कायमचं वास्तव्य मिळत नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये शिक्कामोर्तब करून टाकलं. शहरातल्या इतर कामगारांना लागू असलेलं तासाचं किमान वेतन त्यांना लागू नाही. त्यांचा वेगळा किमान पगार आहे, सप्टेंबर २०२५ च्या अखेरीपासून महिना ५,१०० डॉलर, आणि त्या शहरात तो तुटपुंजाच. त्यांच्या त्या रविवारवरही डोळा ठेवणारे होते. १९९२ मध्ये चेटर रोड पुन्हा वाहनांना खुला करावा आणि या बायकांना भुयारी वाहनतळात बसवावं, अशी सूचना पुढे आली होती. ती हाणून पाडली गेली. गाड्यांच्या जागी माणसं आणि माणसांच्या जागी गाड्या, एवढी साधी ती अदलाबदल होती.

एवढं सगळं असून, त्या पुलावर मला जे दिसलं ते आमच्या सोसायटीच्या आवारात कधी दिसलेलं नाही: काही न करणारी कामवाली. आमच्याकडे बाई गेटच्या बाकावर पाच मिनिटं टेकली तर वॉचमनसुद्धा विचारतो, कुणाकडे जायचंय?

सोमवारी पहाटे मी ठाण्याला घरी पोहोचले. आठला बेल वाजली. मावशी आत आल्या, पदर खोचला आणि सिंककडे गेल्या. दोन दिवसांची भांडी होती. मी नव्हते, त्यामुळे रविवारी त्या येऊनही घर बंद मिळालं होतं. ‘काल मी आल्ते ताई, कुलूप होतं,’ त्यांनी आधी सांगून टाकलं. खाडा त्यांच्या नावावर पडू नये म्हणून.

मी म्हटलं, ‘मावशी, पुढच्या रविवारपासून येऊ नका.’

त्यांच्या हातातला तांब्या थांबला. ‘काय चुकलं का?’

मी घाईघाईनं समजावलं. रविवारी सुट्टी, पैसे कापणार नाही, दर रविवारी. त्यांनी ऐकून घेतलं. खूश वगैरे झाल्या नाहीत. मग तांब्या विसळता विसळता म्हणाल्या, ‘तुमचं एक घर सुटून काय व्हायचंय ताई? बाकीच्या चार घरांना यावंच लागतंय. यायचंच तर पायाखालचं तुमचं पण करून जाते.’

खरं होतं. बस एकदाच धरावी लागते. माझ्या एका घराच्या उदारपणानं त्यांना दीड तास मिळणार होता, दिवस नव्हे. गिरणीत भोंगा एकच वाजायचा आणि सगळी गिरणी एकदम बंद व्हायची. पाच मालक असले की पाचांनी एकाच दिवशी बंद करायला हवं. ‘पाचही घरांनी रविवार दिला तर?’ मी विचारलं.

‘तर जेजुरीला जाऊन येईन म्हणते,’ मावशी म्हणाल्या. ‘सोमवती सोडून कधी जाणंच झालं नाही. तेव्हा म्हाताऱ्याबरोबर जायचे. पण कोण देतंय? चारशे दोनवाल्या वहिनींच्याकडे रविवारी तर पावणे असतात.’

त्या संध्याकाळी मी सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र लिहिलं. आवारात काम करणाऱ्या सर्व बायकांना आठवड्यातून एक, सर्वांना एकच, भरपगारी सुट्टी द्यावी असा ठराव घ्यावा, वार सर्वानुमते ठरवावा. सेक्रेटरी सज्जन आहेत. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘मॅडम, विषय चांगला आहे, पण रविवारच का? सगळे घरी असतात तो दिवस. मंगळवार घेऊ या का?’

मंगळवार तर मंगळवार. जूनच्या सभेत तो विषय पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीनंतर घेतला आहे. चारशे दोनवाल्या वहिनींशी मी परवा जिन्यात बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आणि महिन्याचे ते दोन खाडे? ते मग वेगळे, की यातच धरायचे?’